सव्वासहाची शुक्रवारची बस

शुक्रवारी सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी अल खोरमधल्या गॅस कंपनीच्या वसाहतीच्या चौकातून एक पांढरी बस सुटायची आणि दोह्यात मेसाइमीरला, चर्चच्या संकुलात जायची. सुटायची म्हणजे सुटायचीच. आत चाळीस माणसं असोत, चार असोत, नाहीतर स्टिअरिंगवर एकटा विल्यम तुस्कानो असो. कतारात सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारची मिस्सा इथं शुक्रवारी होते, आणि वसईकडच्या माणसाला त्याचं आता काही वाटत नाही. वाटायचं ते बसच्या वेळेचं. विल्यम कुणासाठी थांबत नसे.

एका बड्या मॅनेजरची बायको नवी नवी आली होती, ती एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन धावत आली. विल्यमनं आरशात तिला पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि गिअर टाकला. पुढच्या शुक्रवारी ती पावणेसहालाच येऊन बसली. बाईंनी तक्रार केली नाही, याचं वसाहतीला जास्त नवल वाटलं. खुद्द विल्यमची बायको जुलियाना हिचीही बस एकदा चुकली होती. क्रिस्टीना तेव्हा चार महिन्यांची होती, दुधाची बाटली घरी राहिली म्हणून जुलियाना परत गेली, आणि येऊन पाहते तो बसचे मागचे दिवे.

"नवरा ड्रायव्हर, आणि बस मलाच चुकते," ती समोरच्या व्हिलातल्या विभावरीला म्हणाली होती. विभावरीनं ते पुढची सोळा वर्षं सगळ्यांना सांगितलं.

विल्यमचं हे वेळेचं वेड आलं कुठून, ते फक्त जुलियानाला माहीत होतं. वसईजवळच्या गावात त्याच्या बापाची केळीची वाडी होती. विल्यम चौदा वर्षांचा असताना केळ्यांचे लोंगर, म्हणजे घड, उतरवताना बापाचा कोयता सटकला आणि डाव्या हाताची दोन बोटं लोंबायला लागली. पोरानं हाताला धोतर गुंडाळलं आणि बापाला नाक्यावर आणलं. नाक्यावर टांगा उभा होता. घोडा उभा होता, टांगेवालाही उभा होता. पण टांग्यात दोनच माणसं झाली होती, हे बापलेक.

"आणखी दोन शिटा येऊ दे, लगेच निघू," टांगेवाला म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं बापाला पाणी दिलं, स्वतःचा पंचा दिला. पण शिटा भरल्याशिवाय टांगा निघायचा नाही हा तिथला रिवाज होता, आणि रिवाज मोडायचा असतो हे त्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. पाऊण तासानं एक कोळीण टोपलीसकट आली, मग तिची जाऊ आली, तेव्हा टांगा हलला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आला असता तर बघितलं असतं. बाप जन्मभर आठ बोटांनी केळी उतरवत राहिला. टांगेवाल्याला नावं ठेवताना त्याला कुणी ऐकलं नाही. नाताळात त्याला केळ्यांची फणीसुद्धा पाठवायचा.

विल्यम सत्त्याण्णव साली कतारला आला तो जड वाहनाचा परवाना घेऊन. रास लफ्फान, गॅस कंपन्यांचं बंदर, तेव्हा उभं राहत होतं. पहिली सहा वर्षं त्यानं कामगारांच्या बसेस चालवल्या. खिडक्या उघड्या, धूळ आत, आणि साठ माणसं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. मग स्टाफच्या बसेस मिळाल्या, एसी, पडदे, उशीची सीट. त्यानंतर तो वाहतूक विभागात सुपरवायझर झाला. जुलियाना वसाहतीच्या दवाखान्यात नर्स, म्हणून दोघांना फॅमिली ब्लॉकमध्ये फ्लॅट मिळाला, आणि तिथंच क्रिस्टीना जन्मली.

शुक्रवारची बस ही त्याची स्वतःची कल्पना. दोन हजार चार साली त्यानं कंपनीला अर्ज केला की सुट्टीच्या दिवशी एक गाडी उभीच असते, ती चर्चला जाऊ द्या, चालवीन मी, ओव्हरटाइम नको. कंपनी हो म्हणाली. अट एकच होती: बस वसाहतीतल्या रहिवाशांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. एक रजिस्टर आलं. त्यात तारीख, नाव, घर क्रमांक, सही.

पहिली काही वर्षं बसमध्ये जागा मिळत नसे. गोव्याची, मंगळूरची, केरळची, वसईची कुटुंबं, पोरांचे दंगे, जाताना रोझरी आणि येताना फुगडीसारखी गाणी. मग एकेकानं गाड्या घेतल्या. अल खोरचा रस्ता रुंद झाला, एक्स्प्रेसवे झाला, तासाचा प्रवास चाळीस मिनिटांवर आला. लोकांना मिस्सेनंतर मॉलमध्ये जायचं असे आणि बस तर थेट घरी यायची. रजिस्टरात बाराचे आठ झाले, आठाचे पाच.

पण बस रिकामी नव्हती. ते रजिस्टरात दिसत नव्हतं, एवढंच.

दोन हजार बाराच्या ऑगस्टमध्ये वसाहतीबाहेरच्या गोलावर, म्हणजे राउंडअबाउटवर, एक माणूस हायवेच्या दिशेनं चालताना विल्यमला दिसला. सकाळचे सहा वाजून गेलेले, उन्हानं डांबर आत्ताच मऊ झालेलं. माणसाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तो कमरेपर्यंत घामानं भिजलेला. विल्यमनं बस थांबवली.

"किधर?"

"चर्च, अंकल. उधर हायवे पे लिफ्ट मिलता है कभी कभी."

तो जॉनसन. केरळचा, पलीकडच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारा, परांची बांधणारा. विल्यमनं मागं पाहिलं. मागं सहा माणसं आणि एकेचाळीस रिकाम्या सीट होत्या. त्यानं दार उघडलं. पुढच्या शुक्रवारी जॉनसनबरोबर तिघं होते. मग सहा वाजून बावीस मिनिटांनी गोलावर थांबायचं हे ठरूनच गेलं. कॅम्पची माणसं मागच्या सीटवर बसत. रजिस्टर मात्र ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिशात राही, गोलावर ते बाहेर निघत नसे. जॉनसननं कधी विचारलं नाही, विल्यमनं कधी सांगितलं नाही. असं बारा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वसाहतीच्या वाहतूक कमिटीचं पत्रक निघालं. कमी वापराच्या फेऱ्या बंद होणार. शुक्रवारच्या चर्चच्या बसला चार आठवड्यांची मुदत. चारही शुक्रवारी किमान दहा प्रवासी दिसले तर बस राहील, नाहीतर एक नोव्हेंबरपासून खलास.

पत्रकावर सही कमिटीचे सेक्रेटरी राजाभाऊ यांची होती. राजाभाऊ नाशिकचे, रास लफ्फानमध्ये इंजिनीअर, विभावरीचे यजमान आणि विल्यमचे वीस वर्षांचे शेजारी. सही केली त्याच संध्याकाळी ते विल्यमकडे चहाला आले, कारण सही करून तोंड लपवणं त्यांना जमत नसे.

"विल्यमराव, मी कमिटीत हात वर केला नाही, पण खालीही ठेवला नाही," ते म्हणाले. "रजिस्टर बघितलं ना त्यांनी. चार, पाच, चार, सहा. सरासरी पावणेपाच. यावर मी काय भांडू?"

"भांडू नका. बिस्किट घ्या."

"दहाची सोय करू या की." राजाभाऊंनी आवाज उगाचच खाली आणला. "पाच तुमचे आहेत. माझं नाव घाला. विभावरीचं घाला. आमच्या लाइनीतले अजून तिघं देतो. नाव जातं तिथं माणूस गेलंच पाहिजे असं कुठं आहे?"

जुलियाना स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे विभावरी आता कागदावर मिस्सेला जाणार?"

"चार शुक्रवार. पाचव्या शुक्रवारी तिला पुन्हा आमच्यात घेऊ."

सगळे हसले. विल्यमही हसला. त्याला ती युक्ती आवडली नव्हती, पण बस बंद होणं त्याहून आवडलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी पाच खरी नावं लिहिली गेली आणि त्याखाली विभावरीच्या वळणदार अक्षरात आणखी पाच. ती आदल्या दिवशीच येऊन लिहून गेली होती. दहा. दुसऱ्या शुक्रवारीही दहा. बसमध्ये त्या दिवशी पुढं पाच आणि मागं सतरा माणसं होती.

त्याच आठवड्यात क्रिस्टीनाला शाळेत गणिताच्या तासाला बोलायचं होतं. अकरावीची पोर. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्लिशमध्ये यायचं. प्रत्येकानं एका गणितज्ञाचं आयुष्य आणि त्याचं पुढं काय उरलं ते सांगायचं होतं. तिच्या वाट्याला फ्रान्सचा पास्कल आला होता. गुरुवारी संध्याकाळी तिनं घरीच तालीम करायचं ठरवलं. श्रोते तीन: सोफ्यावर जुलियाना, खुर्चीत राजाभाऊ, आणि जमिनीवर बसून टायरच्या हवेचा गेज पुसणारा विल्यम.

"डॅडा, फोकस," क्रिस्टीना म्हणाली.

"कान इकडेच आहेत. हात तिकडे आहेत."

तिनं सुरुवात केली आणि राजाभाऊ अधूनमधून मराठीत जोड देत राहिले, विल्यमला गरज होती म्हणून नव्हे, त्यांना गप्प बसवत नव्हतं म्हणून. पास्कल तीन वर्षांचा असताना आई गेली. बापानं घरीच शिकवला, पण भाषा आधी पक्की व्हाव्यात म्हणून गणिताची पुस्तकं कपाटात बंद. तर पोरानं कोळशानं फरशीवर वर्तुळं आणि रेघा काढून भूमितीचे नियम स्वतःच शोधायला घेतले. पुढं बाप करवसुलीच्या कामावर होता, त्याचं आकडेमोडीनं डोकं उठायचं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र बनवायला लागला. हवेला वजन असतं का, यावर मोठमोठे लोक वाद घालत होते, तेव्हा यानं मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं. वर पारा खाली उतरला.

"स्वतः नाही गेला?" विल्यमनं विचारलं.

"ही वॉज सिक, डॅडा. ऑलमोस्ट ऑल हिज लाइफ."

"मेहुणे असतातच कशाला," राजाभाऊ म्हणाले.

"दाबाचं युनिट त्याच्या नावानं आहे," क्रिस्टीना म्हणाली आणि बापाच्या हातातल्या गेजकडे बोट दाखवलं. तबकडीवर बारीक अक्षरात किलोपास्कल लिहिलेलं होतं. विल्यम सत्तावीस वर्षं तो आकडा वाचत आला होता. त्याला वाटायचं ते कंपनीचं नाव असेल.

"आमच्या गावात तीन पास्कल होते," तो म्हणाला. "एकानंही कधी बेरीज धड केली नाही."

मग फाशांचा खेळ आला. अर्ध्यात थांबलेल्या खेळात कुणाचा वाटा किती, यावरून पास्कलनं आणि त्याच्या एका मित्रानं पत्रातून संभाव्यतेचं गणित उभं केलं. मग एके रात्री त्याला देवाचा असा काही अनुभव आला की त्यानं तो कागदावर उतरवून कोटाच्या अस्तरात शिवून घेतला. तो कोणालाच सांगितला नाही. मेल्यावर नोकराला कपड्यात काहीतरी जाडसर लागलं, तेव्हा कळलं. आणि मग पैज आली. देव आहे की नाही हे सिद्ध होत नाही, पण पैज तर लावावीच लागते, कारण जगतोय म्हणजे खेळात उतरलोयच. आहे असं धरून जगलात आणि तो निघाला, तर सगळं मिळालं. नसला, तर गमावलं फारसं नाही.

"ही तर विम्याची पॉलिसी झाली!" राजाभाऊ खूश झाले. "जुलियाना, एजंट कोण, फादर?"

"तुम्ही हप्ता न भरता नाव घालताय रजिस्टरात," जुलियाना म्हणाली. "तुमचा क्लेम कसा पास होणार?"

विल्यमनं गेज डबीत ठेवला. त्याला झोप येत होती. क्रिस्टीनानं शेवटची स्लाइड काढली. चित्रात घोडागाडी होती.

"अँड लास्ट. द फर्स्ट बस सर्व्हिस. पॅरिस, सिक्स्टीन सिक्स्टी-टू."

विल्यमनं मान वर केली. "बस?"

"घोडागाडीच, डॅडा. बट फिक्स्ड रूट, फिक्स्ड टाइम. हिज आयडिया. आधी काय व्हायचं, ज्याच्याकडे स्वतःची गाडी तोच जाणार. नाहीतर पूर्ण गाडी हायर करा. ही सेड, एक सीटचे पैसे द्या आणि बसा. अँड इट लीव्ज ऑन टाइम. ईव्हन इफ एम्टी."

"रिकामी असली तरी?"

"दॅट वॉज द रूल. कितीही कमी माणसं असली तरी, कोणीच नसलं तरी."

विल्यम मांडी मोडून उठला आणि चष्मा लावून स्लाइडजवळ गेला. गाडीला छत होतं, पुढं घोडे होते. नाक्यावरच्या टांग्यापेक्षा मोठी होती.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी?" तो म्हणाला.

"मोअर. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी झाली की गाड्या भरून यायच्या आणि रस्त्यात थांबलेल्यांना जागाच मिळायची नाही. तो आपला वाटा गरिबांना देणार होता. पाच महिन्यांनी मेला. थर्टी-नाइन."

"आणि गाड्या?"

"काही वर्षं चालल्या. मग बंद. कोर्टानं कंडिशन घातली होती ना, की सैनिक, नोकर आणि मजूर यांनी बसायचं नाही. चांगल्या लोकांची सोय व्हावी म्हणून. लोक चिडले. सम से दॅट्स वन रीझन इट फेल्ड." तिनं लॅपटॉप मिटला. "खलास. हाऊ वॉज इट?"

"छान," जुलियाना म्हणाली. "पण पैजेचा भाग हळू बोल."

राजाभाऊंनी टाळ्या वाजवल्या. विल्यम मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत उभा होता. "कोर्टानं घातली," तो म्हणाला. "त्यानं नाही घातली ना?"

"नो, डॅडा. कोर्टानं."

दुसऱ्या दिवशी तिसरा शुक्रवार होता. सव्वासहाला बस सुटली तेव्हा पुढं जुलियाना धरून पाच माणसं होती. रजिस्टरात त्या तारखेखाली विभावरीनं पाच नावं आधीच लिहिलेली होती. गोलावर विल्यमनं दार उघडलं आणि खिशातून रजिस्टर काढलं. जॉनसन पहिल्या पायरीवर होता.

"नाम लिखो."

जॉनसनच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "अंकल, इसमें? प्रॉब्लेम होगा."

"होगा तो मेरा होगा. पूरा नाम लिखो. घर नंबर के जगह कॅम्प का रूम नंबर."

"अंकल, आपका नौकरी—"

"बाईस हो गया. लिखते लिखते चढो. यल्ला."

त्यांनी चालत्या बसमध्ये लिहिलं. रजिस्टर मांडीवरून मांडीवर गेलं. कुणी मल्याळीत सही केली, कुणी इंग्रजी मोठ्या अक्षरांत. एका फिलिपिनो पोरानं सहीशेजारी क्रूस काढला. अठरा नावं झाली. मेसाइमीरला पोचल्यावर विल्यमनं लाल पेन घेतलं आणि वरच्या पाच वळणदार नावांवर एकेक रेघ मारली. मग मागच्या दोन शुक्रवारांचीही पानं काढून तेच केलं आणि प्रत्येक रेघेशेजारी स्वतःची सही केली.

जुलियाना हे सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "मेमो येईल."

"येईल."

"पोरीचं कॉलेज आहे पुढच्या वर्षी."

"माहीत आहे."

 आत जाऊन तिनं त्या दिवशी दोघांच्या वतीनं जरा जास्त वेळ गुडघे टेकले.

संध्याकाळी विल्यम रजिस्टर घेऊन राजाभाऊंकडे गेला. राजाभाऊंनी पान पाहिलं, आधी हसले, मग चष्मा काढला.

"विल्यमराव, हे काय केलंत? पुढच्या शुक्रवारी झालं असतं की हो. एकच आठवडा राहिला होता."

"तुमची नावं काढली. माफ करा."

"माझ्या नावाचं सोडा. मी कुठला स्वर्गात जात होतो! पण ही अठरा माणसं... रहिवाशांसाठी बस. नियमात स्पष्ट आहे. किती वर्षं नेताय?"

"बारा."

"ते लिहू नका कुठं."

"विचारलं तर सांगीन."

राजाभाऊ खुर्चीत मागं टेकले. ते हिशेबी माणूस, शक्यता मांडायची त्यांना सवय. "तुम्हाला कळतंय ना, खोटी नावं ठेवली असती तर बस वाचायची शक्यता नव्वद टक्के होती. आता दहा. आणि तुमची नोकरी वेगळी."

"तसं बघितलं तर बरोबर आहे," विल्यम म्हणाला. "पण राजाभाऊ, त्या रजिस्टरात जे बसत नव्हते त्यांची नावं होती आणि जे बसत होते त्यांची नव्हती. मी ते कुणाला दाखवणार होतो?"

विभावरी चहा घेऊन आली. तिनं पानावरच्या लाल रेघा पाहिल्या आणि म्हणाली, "विल्यमभाऊ, मी एवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं होतं." पण कप पुढं करताना तिनं शेजारी दोन लाडू ठेवले.

चौथ्या शुक्रवारी पुढची पाच धरून तेवीस नावं लिहिली गेली. महिनाअखेरीस कमिटीची बैठक झाली. विल्यमला बोलावलं नाही. राजाभाऊंनी नंतर सांगितलं ते एवढंच, की वाद फारसा झाला नाही. रहिवासी पाच. नियम दहाचा. बस बंद. बाहेरची माणसं बारा वर्षं नेल्याबद्दल वाहतूक विभागाचा लेखी मेमो, आणि शुक्रवारची ड्यूटी काढून घेतली. नोकरी राहिली. मेमो विल्यमनं जुलियानाला दाखवला, तिनं वाचला आणि क्रिस्टीनाच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवला. का ठेवला, कोण जाणे.

नोव्हेंबरच्या एकाही शुक्रवारी बस सुटली नाही. पहिल्या शुक्रवारी विल्यम सव्वासहाला गॅलरीत उभा होता. चौकात काहीच झालं नाही. सहा बावीसला गोलावर काय झालं असेल, याचा तो विचार करत बसला नाही असं तो म्हणायचा. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं राजाभाऊंची गाडी मागून घेतली आणि गोलावरच्या चौघांना मेसाइमीरला नेलं. उरलेले चौदा चालत हायवेला गेले.

मग जे झालं ते कुणी केलं असं नाही, कागदांनी केलं. कमिटीनं बंद केलेल्या फेरीचं रजिस्टर नियमाप्रमाणे कंपनीच्या कामगार-कल्याण विभागात गेलं. तिथल्या कुणीतरी ते चाळलं. त्यांना दर तिमाहीला दाखवावं लागे की कॅम्पमधल्या माणसांच्या सुट्टीच्या दिवशीच्या प्रवासाची सोय आहे, आणि दाखवायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. इथं तर एका पानावर कॅम्पची अठरा माणसं, रूम नंबरसकट, सह्यांसकट. गोलावर बस हवी हे त्या पानानंच सांगितलं. डिसेंबरपासून एक बस कॅम्पच्या दारातून सुरू झाली. सुटायची वेळ सहा पंधरा. सहा बावीसला गोल, पुढं मेसाइमीर. वसाहतीत ती येणार नव्हती.

ड्रायव्हर दिला रिफत. तिशीचा, बोलका, विल्यमच्याच हाताखाली शिकलेला. विल्यमनं त्याला बसची किल्ली दिली, टायरचा गेज दिला आणि सूचना एकच दिली. रिफत हसून म्हणाला, "उस्ताद, वो तो मुझे पता है. आपके नीचे चार साल निकाले हैं."

त्यानंतर शुक्रवारी वसाहतीच्या गेटमधून पाचसहा माणसं पायी बाहेर पडायला लागली. गोलावर, कॅम्पच्या माणसांशेजारी उभी राहायची. नव्या रजिस्टरात कॅम्पचा रूम नंबर हा रकाना होता. त्यात जुलियाना 'इतर' लिहायची. चढताना जॉनसन तिला पुढची सीट द्यायचा. पहिल्या दिवशी ती मागं गेली, दुसऱ्या दिवशी पुढं बसली, तिसऱ्या दिवशी जागा मिळेल तिथं.

विल्यम सहा वाजून दहा मिनिटांनी गोलावर हजर असे. अठ्ठावीस वर्षांत तो पहिल्यांदाच प्रवासी झाला होता, आणि प्रवाशाच्या हातात करायला काहीच नसतं हे त्याला जड जात होतं. तो टायरकडे पाही. आरशात पाही, तोही रिफतच्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी जुलियाना रात्रपाळी करून सकाळी दवाखान्यातून थेट यायची होती. सहा एकवीसला बस गोलावर लागली. माणसं चढली. विल्यम चढला, खिडकीशी बसला. रजिस्टर त्याच्यापर्यंत आलं, त्यानं सही केली. तेवढ्यात रिफतनं आरशात पाहिलं.

"उस्ताद, मॅडम आ रही हैं. गेट पे हैं."

सगळ्या बसनं वळून पाहिलं. लांब गेटमधून पांढऱ्या कपड्यांत जुलियाना येत होती, पर्स काखेत, एका हातानं पदर नाही तर ओढणी धरावी तसा स्वेटर धरून. तिला तीन मिनिटं लागणार होती.

"रुकूं?"

जॉनसन म्हणाला, "अंकल, दो मिनिट. कौन बोलेगा?"

बसमध्ये कुणी काही बोललं नसतं. विल्यमनं घड्याळ पाहिलं. सहा बावीस.

"नहीं," तो म्हणाला आणि उठला. सीटांना धरत पुढं आला. "यल्ला, तू निकल." आणि तो पायरी उतरून खाली गोलावर उभा राहिला.

रिफत क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग दार बंद झालं आणि बस गेली. खिडकीतून जॉनसननं हात केला.

जुलियाना पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. रस्ता रिकामा होता.

"गेली?"

"गेली."

"तुला थांबवता नाही आली?"

"मी थांबलो ना."

 श्वास जागेवर आल्यावर तिनं पर्समधून फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. विल्यमनं राजाभाऊंचा नंबर लावला. शुक्रवार, सकाळी साडेसहा. पलीकडून बऱ्याच वेळानं आवाज आला.

"विल्यमराव? काय झालं?"

"बस चुकली. मेसाइमीरला सोडता का?"

 मग राजाभाऊ हसत सुटले, इतके की मागून विभावरी विचारायला लागली काय झालं म्हणून.

"येतो, येतो. नाव तीन शुक्रवार घातलं होतं, एकदा जाऊन तरी येतो. दहा मिनिटं द्या, दाढी करतो."

"पाच," विल्यम म्हणाला.

राजाभाऊ अकराव्या मिनिटाला आले. विल्यमनं घड्याळ पाहिलं आणि जुलियानासाठी मागचं दार उघडलं.